आक्का आणि बंपरची झालर

"उसवून बघूया की!" आक्का म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता पदर कमरेला खोचलेला असायचा.

वस्तू कुठलीही असो. मिक्सर, शिलाई मशीन, नळाची तोटी, कुणाच्या सुनेचा घट्ट झालेला ब्लाऊज. एकदा तर कॉलनीतलं एक मोडत आलेलं लग्नसुद्धा. आक्का तरुणपणी ब्लाऊज शिवायच्या, त्यामुळं दुरुस्ती हा शब्द त्यांच्याकडं नव्हताच. आधी उसवायचं, मग शिवायचं. तुमच्याही गल्लीत अशी एक बाई असेल, आठवून बघा. नसेल तर तुमच्या गल्लीचं नशीब खोटं, दुसरं काय!

आता त्यांनी उसवलेलं सगळं नीट शिवलं जायचं असं मी म्हणणार नाही. आमचा मिक्सर त्यांनी जोडून दिला तो पुढं फक्त तीन नंबरवर फिरायचा. "एक आणि दोनचा उपयोग काय हुता?" असं त्यांनी मलाच विचारलं. जोडाजोड झाल्यावर हातात एखादा स्क्रू उरला तर म्हणायच्या, "कंपनीनं जादा दिलता." आणि तो स्क्रू पदराच्या टोकाला बांधून घरी घेऊन जायच्या.

आक्का आमच्या शेजारच्या. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आमची कॉलनी, आणि दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत. त्यांचे मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. आक्कांचं माहेर मुरगूडचं, माझंही मुरगूडचं. एवढ्या भांडवलावर मी त्यांची माहेरची लेक झाले आणि आमचे हे झाले पावणं. आमच्याकडं पावणं कुणालाही म्हणतात, पत्ता विचारणाऱ्यालासुद्धा. पण आक्का ह्यांना पावणं म्हणायच्या ते जावयाच्या अर्थानं. आणि जावई कितीही तालेवार असला तरी सासरच्या माणसांपुढं त्याला आवाज चढवता येत नाही. ह्यांना हे फार उशिरा कळलं.

मी पेठ वडगावच्या एका शाळेत मराठी शिकवते. व्याकरणाची खोड हाडात मुरलेली. आक्का अस्सल कोल्हापुरी, त्यामुळं "मी जातो, मी येतो, मी जेवलो." आमच्याकडं बायका असंच बोलतात, पण मला राहवेना. एकदा म्हटलं, "आक्का, बाईमाणसानं 'मी जाते' म्हणावं."

"जातं दळायला असतंय," आक्का म्हणाल्या. "मी काय दगडाचं हाय व्हय? मी जातो."

त्या दिवसापासून मी आक्कांचं व्याकरण तपासायचं सोडलं.

तर, गाडी. चाळिशी ओलांडल्यावर मी गाडी शिकले. हट्टानं शिकले. वडगावला जायचं म्हणजे आधी रिक्षा, मग एसटी, मग चालत. शाळेत पोचेपर्यंत जीव आंबून जायचा. आम्ही एक जुनी लाल गाडी घेतली. तिच्या आधीच्या मालकाला हौस भारी. मागच्या बंपरच्या खाली त्यानं काळी, फासळ्या-फासळ्यांची पट्टी बसवून घेतली होती, शर्यतीच्या गाड्यांना असते तसली. तिला डिफ्यूझर म्हणतात हे मला त्या गाडीमुळंच कळलं. आणि मी ती पट्टी तोडली, तेव्हा आणखी नीट कळलं.

आमच्या गेटजवळ दगडी डोण आहे, पूर्वी जनावरं पाणी प्यायची तसली. तीत आम्ही गोकर्ण लावलाय. एका संध्याकाळी गाडी मागं घेताना माझं लक्ष गोकर्णाकडं गेलं, डोणीकडं गेलं नाही आणि गाडीच्या टीं टीं करण्याकडंही नाही. असा काही आवाज झाला की समोरच्या घरातले काका पेपर टाकून उभे राहिले. बंपर कोपऱ्यापासून नंबरप्लेटपर्यंत चिरला होता. काळ्या पट्टीचे दोन तुकडे झाले होते, त्यातला एक डोणीखाली.

हे बाहेर आले. गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हात पुढं केला. मी चावी दिली.

"मी पहिल्यापासून सांगत होतो, तुझं काम नव्हे हे. गिऱ्हाईक बघतो. विकून टाकू."

"एवढ्यावरनं विकायची? दुरुस्त करू की."

"गाडी ठोकायला अक्कल लागत नाही," हे म्हणाले. "जोडून दाखव, मग चालव."

हे वाक्य ह्यांनी रागात टाकलं होतं आणि विसरूनही गेले असते. पण भिंतीपलीकडं आक्का वाळलेली मिरची गोळा करत होत्या.

"पावणं!" आक्का ओरडल्या. "काय म्हणालासा? परत म्हणा की."

हे हसले. "म्हटलं, जोडून दाखव आणि चालव."

"जोडली तर चावी हिची?"

"हिचीच."

"मग न्हाय विकायची?"

"नाही विकायची."

"ऐकलासा काय हो?" आक्कांनी समोरच्या काकांना विचारलं. काकांनी मान डोलावली. गल्लीत दिलेला शब्द, साक्षीदारासकट. मी मात्र रडवेली होऊन आक्कांना म्हटलं, "अहो, तुम्ही काय बोलून बसलात? मला साधा बल्ब बदलता येत नाही."

आक्का भिंतीला टेकल्या. आवाज कधी नव्हे तो खाली आणला.

"माझी लुना हुती," त्या म्हणाल्या. "म्हायतीय तुला? मी लुनावर बाजाराला जात हुतो. एकदा रंकाळ्याच्या वळणावर पडलो. गुडघा फुटला, बाकी काय न्हाय. दुसऱ्या दिवशी उठून बघतोय तर लुना जाग्यावर न्हाय. मालकांनी विकून टाकलीती. माझ्या काळजीपोटीच विकली, मी न्हाय म्हणत न्हाय. पर मला इचारलं न्हाय गं. त्यानंतर मी कुठं गेलो तर कुणीतरी न्हेलं म्हणून गेलो."

त्यांनी मिरचीची पाटी उचलली. "तुझी गाडी मी जाऊ देत न्हाय," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

उद्यमनगरातल्या एका दुकानातून मी त्याच रंगाचा बंपर आणि तसलीच काळी पट्टी मागवली. खोकं एवढं लांब आलं की कॉलनीत बातमी पसरली, मास्तरीणबाईंनी फ्रिज आडवा मागवलाय. खोकं फोडताना मी आक्कांना समजावून सांगितलं, की हा बंपर आणि हा डिफ्यूझर.

"फ्यूज उडालाय?"

"फ्यूज नाही आक्का. ही खालची काळी पट्टी."

आक्कांनी ती उलटीसुलटी करून बघितली. "मग सरळ झालर म्हण की! बंपर म्हंजे परकर आणि ही त्याची झालर. उगं इंग्लिश बोलून भ्या घालतीस." आणि तेव्हापासून ती झालर झाली. खरं सांगते, झालर म्हटल्यावर माझी निम्मी भीती गेली.

रविवारी सकाळी आक्का भिंतीवरून सामान पलीकडं देऊ लागल्या. मालकांच्या वेळची पान्यांची पेटी, खाली अंथरायला जुनी वाकळ, पुरणपोळीचं लाकडी उलथनं आणि मसाल्याचा डबा.

"डबा कशाला?"

"स्क्रू कुठं ठेवणार? कपाळावर?"

डब्यातल्या वाट्या त्यांनी रिकाम्या करून आणल्या होत्या, पण धुतल्या नव्हत्या. चाकाजवळचे स्क्रू मोहरीच्या वाटीत, मागच्या दिव्यांचे नट हळदीच्या, खालची प्लॅस्टिकची बटणं जिऱ्याच्या. दिवसभर आमची भाषा तीच. "हळदीतला दे." "न्हाय, ह्यो मोहरीतला." ह्यांनी व्हरांड्यात खुर्ची टाकली होती, हातात चहा. नाटकाला आल्यासारखे बसले होते.

मी मोबाईलवर एक व्हिडिओ लावला होता. त्यातला माणूस हिंदीत भराभर सांगत होता आणि त्याची गाडी वेगळी होती. आक्का त्याच्याशी भांडायला लागल्या. "थांब की जरा! आमचं बटण निघायचं हाय अजून." शेवटी त्यांनी मोबाईल वाकळीखाली सारला. "ह्याला काय कळतंय? हिकडं बघ. शिवण कुठनं सुरू झालीया ते बघायचं, म्हंजे उसवता येतंय."

डिकी उघडून आम्ही दोन्ही बाजूंचे दिवे सोडवले. चाकांच्या कमानीतले स्क्रू काढले. गाडीखाली वाकून बटणं काढायची होती. ती लोखंडी पात्यानं तुटतात हे पहिलं तुटल्यावर कळलं. मग आक्कांनी लाकडी उलथनं पुढं केलं. उलथन्यानं बटणं टपाटप निघाली. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे चहा पीत होते, पण कप रिकामा होता.

सगळं सुटलं तरी बंपर निघेना. मी ओढायला लागले. घामानं भिजले. ह्यांचा आवाज आला, "मोडेल हां ते."

"ओढू नकोस," आक्का म्हणाल्या. "कुठंतरी एक टाका ऱ्हायलाय." त्यांनी डावीकडून बोट फिरवायला सुरुवात केली, कापडावरून फिरवावं तसं. मी उजवीकडून फिरवलं. दिव्याच्या खाचेत, आत, अंधारात माझ्या बोटाला तो लागला. एकच स्क्रू. तो काढला आणि कोपरा बाहेरच्या बाजूला ओढला, तर खट्, खट्, खट् करत बंपर सुटत गेला आणि आम्ही दोघी त्याच्यासकट मागं वाकळीवर बसलो.

"अगं बया!" आक्का आतल्या कडेकडं बघून ओरडल्या. "हे तर हूक-काज हाय! एवढ्यासाठी लोक गॅरेजला जात्यात व्हय?"

बंपरच्या कडेला गोल सेन्सर होते, गाडी मागं घेताना टीं टीं करणारे. ते मी एकेक करून जुन्यातून नव्यात बसवले, वायरी जोडल्या. झालर खालून दाबून बसवली. तिचे हूक एका सुरात वाजत आत गेले, आणि तो आवाज मला इतका आवडला की मी हसतच सुटले. मग दोघींनी दोन टोकं धरली, बंपर गाडीला टेकवला, आणि आक्कांनी कोपऱ्यावर बुक्की मारली. बसला! नव्या बंपरपुढं गाडीचा बाकीचा लाल रंग जरा विटका दिसत होता, पण दिसू दे.

मी हळदीनं पिवळे झालेले नट लावत होते तेवढ्यात आक्का घरी जाऊन आरतीचं ताट घेऊन आल्या. नवी वस्तू आहे, ओवाळायला नको? त्यांनी बंपरला ओवाळलं. ते गोल सेन्सर त्यांना डोळे वाटले. प्रत्येकावर ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला, वर अक्षता चिकटवल्या. मी बघितलं, पण माझं सगळं लक्ष नटांत होतं.

"चावी द्या," मी ह्यांना म्हटलं.

"फक्त गेटपर्यंत," हे म्हणाले.

समोरचे काका आले. काकू आल्या. इस्त्रीवाला कपडे टाकून आला. मी बसले, गाडी चालू केली, रिव्हर्स टाकला.

टींऽऽऽऽऽ.

थांबेचना. मागं काही नाही, मोकळं गेट, आणि गाडी अशी बोंबलतेय जशी भिंतीला चिकटलीय. गिअर काढला, परत टाकला. टींऽऽऽऽऽ. हे खिडकीशी आले. चेहऱ्यावर दया होती, आणि रागापेक्षा ती दया मला जास्त लागली.

"वायरी उलट्यासुलट्या झाल्या असणार," हे हळू बोलले. "जाऊ दे. बरंच केलंत. आता मी माणूस बोलावतो. ये खाली."

ये खाली. त्या दोन शब्दांत गाडी गेली होती. मला दिसलं, पुढचं सगळं दिसलं. गिऱ्हाईक येणार, पुन्हा रिक्षा, पुन्हा एसटी, आणि कुठं जायचं तर कुणीतरी नेईल म्हणून जायचं. डोळ्यांत पाणी आलं. आरशात बघितलं तर आक्का पुन्हा वाकळीवर बसल्या होत्या, उलथनं हातात.

"उसवून बघूया की!"

मी खाली उतरले. सगळं परत उसवायचं म्हणून मागं गेले, वाकले, आणि बंपर पहिल्यांदा नीट बघितला. तो सजवलेल्या बैलासारखा माझ्याकडं बघत होता. टिळे अजून ओले होते, आणि प्रत्येक टिळ्यावर तांदूळ.

"आक्का," मी म्हटलं, "हा टिळा पुसायचाय."

"पुसायचा न्हाय. शुभ असतंय."

"आक्का, डोळ्यांवरच लावलाय तुम्ही! त्याला दिसंना झालंय!"

आक्कांनी बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग स्वतःचाच पदर ओला करून त्या एकेक डोळा पुसायला लागल्या. "देवा, माफ कर बाबा," पुटपुटल्या, "पर ह्यो बोंबलायला लागलाय." सगळं कुंकू पुसून झाल्यावर एक टिळा त्यांनी नंबरप्लेटच्या वर लावलाच.

मी परत बसले. रिव्हर्स टाकला.

शांत. अगदी शांत. इस्त्रीवाल्यानं शिट्टी मारली. समोरच्या काकांनी टाळ्या वाजवल्या. हे खिडकीशी येऊन म्हणाले, "छान झालं. पण सरक, मी बाहेर काढून देतो. गेट अरुंद आहे."

"मी काढतो गाडी!" मी ओरडले.

काढतो! मराठीची बाई, अख्ख्या गल्लीसमोर! माझं सगळं व्याकरण त्या गेटात पडलं आणि मला त्याचं काडीइतकं वाईट वाटलं नाही. आक्का तर हसता हसता गाडीला धरून उभ्या राहिल्या. हे बाजूला झाले. त्यांना व्हावंच लागलं, शब्द दिला होता. मी गाडी मागं घेतली, डोणीला डावीकडं सोडून, गोकर्णाचं पानसुद्धा न हलवता रस्त्यावर आणली.

आक्का पुढच्या सीटवर येऊन बसल्या. हातांना हळद, ग्रीस, कुंकू, काय काय. "चल," म्हणाल्या. कॉलनीत आम्ही फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. आक्का काच खाली करून दिसेल त्याला सांगत होत्या. "आम्ही बसवलाय! पावणं, मागचा बंपर बघा! झालर बघा झालर!" एक स्कूटरवाला, कुठला कोण, बिचारा खरंच थांबून बघायला लागला. तिकडं आक्कांच्या गॅसवरचं मटण करपलं त्या दिवशी. दोघींनी तेच खाल्लं, आणि तसलं चविष्ट मटण मी पुन्हा खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ऑफिसात सांगितलं, "आम्ही घरीच बसवला बंपर." आम्ही! मला कळलं तेव्हा मी दोन दिवस बोलले नाही. आक्कांनी मात्र समजूत घातली. "म्हणू दे की. खुर्चीत बसून कट्टाळला असंल त्योबी."

पुढं मी वडगावला रोज गाडीनं जाऊ लागले. आक्कांना कधी पन्हाळ्याला, कधी मुरगूडला घेऊन गेले. मुरगूडला त्या भावाच्या दारात उतरल्या की आधी सगळ्यांना गाडीच्या मागं न्यायच्या, मग घरात पाणी प्यायच्या.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी काम सोडलं. मुलगा म्हणाला, आता एकटं राहायचं नाही, पुण्याला यायचं. बरेच दिवस आक्कांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग एक दिवस भिंतीशी येऊन म्हणाल्या, "जायला लागंल बग." मुलगा टॅक्सी पाठवतो म्हणत होता. "टॅक्सी कशाला? माझी पोरगी सोडंल मला."

ह्यांना रजा नव्हती. सकाळी उठून ह्यांनी काचा पुसल्या, चाकांत हवा बघितली, आक्कांचं बोचकं डिकीत ठेवलं आणि वाकून त्यांच्या पाया पडले. मग मला म्हणाले, "खंबाटकीच्या घाटात दमानं घे." बस, एवढंच.

कऱ्हाड मागं पडल्यावर आक्का खिडकीकडं तोंड करून रडल्या. मलाही रडू येत होतं, पण समोर ट्रक होते. स्टिअरिंग धरून रडता येत नाही. मी त्यांच्या मांडीवर हात ठेवला आणि गिअर बदलायला परत उचलला, असं साताऱ्यापर्यंत चाललं होतं.

मुलाच्या इमारतीखाली तळघरात पार्किंग होतं. जेवण झालं, सामान लागलं, मी निघाले. आक्का लिफ्टनं खाली आल्याच. माझ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना दोन मोठ्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या, मागं खांब. मुलगा सभ्यपणे म्हणाला, "ताई, चावी द्या, मी काढून देतो. इथं भल्याभल्यांना जमत नाही."

"हात लावू नकोस," आक्का म्हणाल्या. "तिची हाय. ती काढंल."

आणि त्या गुडघ्यांवर दोन्ही हात दाबत, एकेक पाऊल टाकत गाडीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. "येऊ दे!" त्यांचा आवाज त्या तळघरात असा घुमला की लिफ्टजवळची माणसं थबकली. "येऊ दे... येऊ दे... डावीकडं बघू नकोस, मी हाय हितं... येऊ दे!" मी आरशात फक्त त्यांच्याकडं बघत होते. गाडी दोन गाड्यांमधून, खांब चुकवून बाहेर आली.

"बास!" डिकीवर थाप पडली.

वॉचमन धावत आला होता. मी काच खाली केली होती म्हणून मला ऐकू आलं. त्यानं विचारलं, "आजी, कोण आहेत या?"

"आमची लेक हाय, पावणं," आक्का अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "एकटी चाललीया कोल्हापूरला. तिची तिची."